विंडसरच्या बातम्या कोण देणार? सीबीसीच्या एका स्थानिक केंद्राचं प्रकरण, १९९० ते १९९४

कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेला आहे, असं आपण नकाशात पाहतो. विंडसर शहरात मात्र उलटं आहे. ओंटारिओ प्रांताचं दक्षिण टोक इथे असं वळतं, की नदीच्या उत्तर तीरावर अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि दक्षिण तीरावर कॅनडाचं विंडसर. नदी एक किलोमीटरसुद्धा रुंद नाही. समोरच्या काठावरच्या इमारतींच्या खिडक्यांमधले दिवे रात्री मोजता येतात.

हे प्रकरण भूगोलाच्या याच गाठीवर उभं आहे. डिसेंबर १९९० मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे सीबीसीने, विंडसर केंद्रातलं स्थानिक बातमीपत्र बंद केलं. जवळपास चार वर्षांनी ते परत सुरू करावं लागलं. संस्था आणि शासनकर्ते यांची नावं सार्वजनिक नोंदीतली आहेत, म्हणून ती दिली आहेत. केंद्रात काम करणारे आणि आंदोलनात उतरलेले नागरिक यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

केंद्र सुरू झालं १६ सप्टेंबर १९५४ रोजी, ९ क्रमांकाच्या वाहिनीवर, सीकेएलडब्ल्यू टीव्ही या नावाने. मालकी खासगी होती आणि याच नावाचं रेडिओ केंद्र आधीपासून चालू होतं. पहिल्या दिवसापासून या केंद्राचे दोन गाव. परवाना कॅनडाचा, सीबीसीचे कार्यक्रम दाखवण्याची जबाबदारी कॅनडाची, पण प्रक्षेपण पोचायचं डेट्रॉइटच्या लाखो घरांत. जाहिरातीचा पैसाही तिकडेच जास्त. त्यामुळे साठच्या दशकात हे केंद्र डेट्रॉइटकरांना आपलंच वाटायचं. दुपारी बिल केनेडी जुने चित्रपट दाखवायचे आणि मध्येच त्यांच्याविषयी गप्पा मारायचे. रॉबिन सीमोर यांच्या ‘स्विंगिन टाइम’मध्ये तरुण मुलं नाचायची आणि डेट्रॉइटच्या मोटाउन या संगीत कंपनीचे गायक येऊन गायचे. ही दोन्ही नावं त्या पिढीच्या डेट्रॉइटकरांना आजही आठवतात.

मालकीही नदीपलीकडे गेली. आरकेओ जनरल या अमेरिकन कंपनीने केंद्र ताब्यात घेतलं. पुढे कॅनडा सरकारने नियम केला, की प्रसारण कंपन्यांमधले किमान ८० टक्के भाग कॅनडियन हातांत असले पाहिजेत. आरकेओला बाहेर पडावं लागलं. १९७० मध्ये टोरांटोच्या बॅटन ब्रॉडकास्टिंगने ७५ टक्के आणि सीबीसीने २५ टक्के असा वाटा घेतला. १९७५ मध्ये सीबीसीने बॅटनचा हिस्साही विकत घेतला. केंद्राचं नाव बदलून सीबीईटी झालं आणि विंडसरला पूर्णपणे सार्वजनिक मालकीचं दूरचित्रवाणी केंद्र मिळालं.

म्हणजे एक वेळ अशी होती, की कॅनडाच्या सरकारने मुद्दाम नियम करून हे केंद्र अमेरिकन हातांतून सोडवलं आणि सार्वजनिक पैसा घालून ते चालवायला घेतलं. पुढच्या पंधरा वर्षांत ही आठवण हिशेबातून कशी गळली, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं.

सीबीसीला विंडसरमध्ये एक वेगळी अडचण कायम होती. लोकप्रिय अमेरिकन मालिकांचे या भागातले हक्क डेट्रॉइटच्या वाहिन्यांकडे असायचे. म्हणून सीबीसी देशात इतरत्र दाखवत असलेल्या बऱ्याच मालिका इथे दाखवता येत नसत आणि जागा भरायला दुसरं काही शोधावं लागे. प्रेक्षकाला तर पर्याय भरपूर. साधा अँटेना लावला, की डेट्रॉइटच्या २, ४ आणि ७ क्रमांकाच्या वाहिन्या फुकट. अशा ठिकाणी सीबीईटीकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली एकच गोष्ट होती: संध्याकाळचं विंडसरचं बातमीपत्र.

पेच

५ डिसेंबर १९९० रोजी सीबीसीने तोपर्यंतची आपली सर्वांत मोठी कपात जाहीर केली. तूट सुमारे १०.८ कोटी डॉलरची. जवळपास १,१०० नोकऱ्या जाणार होत्या आणि ११ ठिकाणची स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रं बंद तरी होणार होती किंवा नुसत्या वार्ताहर कक्षापुरती उरणार होती. कॅलगरी आणि सॅस्कटूनसारखी शहरं त्या यादीत होती आणि विंडसरही होतं.

काळही वाईट होता. देशात मंदी सुरू झाली होती. वस्तू व सेवा कर महिन्याभरात लागू व्हायचा होता आणि लोक त्यावर भडकलेले होते. विंडसर हे गाव मोटारींच्या कारखान्यांवर जगणारं. मंदीची पहिली झळ अशाच गावाला बसते. कुठल्या कारखान्यात किती लोक घरी बसवले, संघटना काय म्हणते, नगरपालिका काय करणार, हे कळण्याची गरज सगळ्यात जास्त असताना ते सांगणारं बातमीपत्र गेलं.

सीबीसीने सोय ठेवली ती अशी: संध्याकाळी टोरांटोचं बातमीपत्र विंडसरलाही दिसेल. कागदावर यात काही चुकीचं दिसत नाही. प्रांत एक, राजधानी टोरांटो. पण टोरांटो विंडसरपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि डेट्रॉइट नदी ओलांडली की आलं. आपल्या गावाचं काही दिसणारच नसेल, तर माणूस टोरांटोची वाहतूक कोंडी कशाला पाहील? तो डेट्रॉइटचं ४ किंवा ७ लावील. तिथे निदान हवामान तरी आपल्याच आभाळाचं असतं.

त्या वेळी विंडसरमध्ये दुसरं कॅनडियन दूरचित्रवाणी केंद्र नव्हतं. सीबीसीचं रेडिओ केंद्र चालू राहिलं, वर्तमानपत्र होतं. पण १९९१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ९० हजार वस्ती असलेल्या या शहराचे महापौर, शाळा, कोर्टातले खटले, कारखान्यांचे दरवाजे यांची हलती चित्रं दाखवणारं कुणी उरलं नाही.

सीबीसीपुढचे पर्याय

निर्णय घेणाऱ्यांना सरसकट खलनायक ठरवणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं होईल. सीबीसीचा बराचसा पैसा संसदेच्या वार्षिक अनुदानातून येतो, उरलेला मुख्यतः जाहिरातींतून. मंदीत जाहिराती घटतात आणि अनुदान संस्थेच्या हातात नसतं. तेव्हाचे अध्यक्ष जेरार व्हेयो यांच्यापुढे ढोबळपणे तीन वाटा होत्या.

पहिली, सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं. प्रत्येक केंद्र, प्रत्येक विभाग काही टक्के कापायचा. यात कुणी ओरडत नाही. मात्र आधीच अनेक वर्षं अशी कात्री लागलेली असेल, तर सगळंच कमजोर होत जातं.

दुसरी, राष्ट्रीय कार्यक्रमांना हात लावायचा. नाटकं, माहितीपट, रात्रीच्या राष्ट्रीय बातम्या. पण ‘सीबीसी म्हणजे काय’ असं विचारलं, की देशभरचे लोक याच गोष्टींचं नाव घेणार. त्या कापल्या तर पुढच्या वर्षी संसदेत अनुदान कोणत्या तोंडाने मागायचं?

तिसरी, काही कामं पूर्ण थांबवायची आणि बाकीची नीट ठेवायची. सीबीसीने ही वाट निवडली आणि स्थानिक थरावर कुऱ्हाड घातली. प्रांतात एखादं मोठं केंद्र राहिलं, की त्या प्रांताची सोय झाली असं धरलं गेलं. अल्बर्टाला एडमंटन, सॅस्कॅचेवानला रेजायना, विंडसरला टोरांटो.

पहिला निर्णायक क्षण इथे आहे. ‘प्रांतात दुसरं केंद्र आहे का?’ हा निकष लावला, की विंडसर आणि कॅलगरी एकाच रांगेत बसतात. ‘हे बातमीपत्र गेलं तर प्रेक्षक कुठे जाईल?’ असं विचारलं असतं, तर विंडसर रांगेतून बाहेर आलं असतं. कॅलगरीत खासगी कॅनडियन वाहिन्या होत्या, तिथला प्रेक्षक त्यांच्याकडे गेला असता. विंडसरचा प्रेक्षक थेट दुसऱ्या देशात जात होता. ज्या संस्थेला लोकांच्या पैशांतून उभं केलं, तेच मुळी कॅनडियन माणसाला अमेरिकन लाटांमध्ये स्वतःचा आवाज असावा म्हणून. त्या संस्थेने सर्वांत उघड्या सीमेवरचा आवाज बंद करावा, हे मला आजही समजून घ्यायला जड जातं.

कायद्याची गोष्टही इथेच सांगायला हवी. कॅनडाचा नवा प्रसारण कायदा याच महिन्यांत संसदेतून जात होता. तो १९९१ मध्ये अमलात आला. त्यात सीबीसीची कर्तव्यं लिहिली आहेत. देश आणि त्याचे प्रदेश यांचं दर्शन राष्ट्रीय व प्रादेशिक प्रेक्षकांना घडवावं आणि त्या प्रदेशांच्या खास गरजा पुऱ्या कराव्यात, अशा अर्थाचं कलम त्यात आहे. शब्द ‘प्रदेश’ असा आहे, ‘गाव’ किंवा ‘शहर’ असा नाही. स्थानिक बातम्या कापणाऱ्याला कायदा मोडल्यासारखं वाटणार नाही, इतकी मोकळीक त्या शब्दात होती. पण ‘खास गरजा’ या शब्दांत विंडसरची बाजूही होती. दोन्ही पक्षांना एकाच वाक्याचा आधार घेता यावा, अशी ती रचना होती.

विंडसरने काय केलं

विंडसर हे संघटना करण्याची सवय असलेलं गाव. मोटार कामगारांच्या संपांनी घडलेलं. कपातीच्या विरोधात हजारो लोक रस्त्यावर उतरले. एका बातमीपत्रासाठी मोर्चा निघावा, हे बाहेरच्यांना नवल वाटलं असेल. पण तिथल्या माणसाला तो आपल्या गावाच्या मानाचा प्रश्न वाटला. केंद्र वाचवण्यासाठी नागरिकांची समिती उभी राहिली. त्यात कामगार, शिक्षक, नगरपालिकेतली माणसं असे सगळे आले.

राजकारणात एक विलक्षण योग होता. विंडसर वेस्टचे खासदार हर्ब ग्रे त्या डिसेंबरात संसदेतले विरोधी पक्षनेते होते, कारण लिबरल पक्षाचे नवे नेते ज्याँ क्रेतियाँ अजून सभागृहात निवडून यायचे होते. शेजारच्या दोन मतदारसंघांतले खासदार न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे. म्हणजे विंडसरचे तिन्ही खासदार सरकारच्या विरोधात बसणारे. विषय मांडायला याहून जोरदार आवाज मिळाला नसता. पण मांडणं निराळं आणि मिळवणं निराळं. पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांच्या सरकारला विंडसरमध्ये गमवायला जागाच नव्हती.

दुसरा दरवाजा सीआरटीसीचा, म्हणजे परवाने देणाऱ्या प्रसारण आयोगाचा. विषय तिथेही गेला. आयोगाने सीबीसीचा निर्णय उलटवला नाही. आयोगाला परवान्याच्या अटी घालता येतात, पण पैसे देता येत नाहीत. तिजोरी रिकामी असलेल्या संस्थेला ‘हे चालवाच’ असं सांगून तो पैसा कुठून येणार?

नागरिकांपुढे इथे दुसरा निर्णायक क्षण आला. दोन दरवाजे बंद झाल्यावर बहुतेक आंदोलनं विरतात. विंडसरने दोन गोष्टी केल्या. एक, मागणी बारीक ठेवली. सीबीसीची सगळी कपात मागे घ्या, अशी नव्हे, तर विंडसरची सीमेवरची स्थिती वेगळी आहे, तिचा वेगळा विचार करा, अशी. दोन, वर्षं उलटली तरी विषय सोडला नाही. मधल्या काळात, १९९३ मध्ये, बॅटनने विंडसर परिसरासाठी सीएचडब्ल्यूआय हे नवं खासगी केंद्र सुरू केलं. १९७५ मध्ये आपला वाटा सीबीसीला विकून गेलेली हीच कंपनी. सार्वजनिक संस्थेने सोडलेल्या गावात खासगी कंपनीला पुन्हा दुकान मांडावंसं वाटतं, ही गोष्ट ‘इथे बातम्यांना गिऱ्हाईक नाही’ असं म्हणणाऱ्यांना पुरेसं उत्तर होती.

ऑक्टोबर १९९३ च्या निवडणुकीत लिबरल पक्ष सत्तेवर आला आणि हर्ब ग्रे मंत्रिमंडळात गेले. यामुळेच पुढचं घडलं, असं मी म्हणणार नाही. पण कालक्रम नजरेआड करण्यासारखा नाही.

१९९४: परत, पण वेगळ्या रीतीने

ऑक्टोबर १९९४ मध्ये विंडसरचं स्थानिक बातमीपत्र परत आलं. मात्र जुन्या रीतीने नव्हे.

जुन्या रीतीत दूरचित्रवाणीची एक बातमी म्हणजे तीन-चार माणसांचं काम. वार्ताहर प्रश्न विचारणार, छायाचित्रकार चित्रण करणार, कधी ध्वनीसाठी आणखी एक जण, आणि केंद्रात परतल्यावर संकलक टेप कापून जोडणार. प्रत्येकाचं काम कर्मचारी संघटनेच्या करारात आखलेलं. वार्ताहराने कॅमेऱ्याला हात लावला तर तंटा. या रेषा गैर नव्हत्या. त्या माणसाला कौशल्याचा मोबदला आणि नोकरीची हमी देत होत्या. पण छोट्या केंद्राला त्या परवडत नव्हत्या.

विंडसरपुरता व्यवस्थापन आणि संघटना यांनी वेगळा समझोता केला. लहान कॅमेरा घेऊन वार्ताहराने स्वतः चित्रण करायचं, स्वतः संकलन करायचं, गरज पडली तर दुसऱ्याचंही काम उचलायचं. माणसं कमी, खर्च कमी. याला पुढे ‘विंडसर एक्स्परिमेंट’ हेच नाव पडलं आणि देशातले इतर प्रसारक तो बघायला लागले.

या समझोत्यात दोन्ही बाजूंनी काय सोडलं, ते नीट पाहायला हवं. संघटनेने अनेक वर्षांच्या लढ्यातून मिळवलेली कामाची विभागणी ढिली केली. व्यवस्थापनाने ‘विंडसरला टोरांटो पुरेसं आहे’ ही १९९० ची भूमिका सोडली. आणि गावाने आधीपेक्षा लहान बातमीपत्र पत्करलं. त्यातल्या कुणालाही हवं ते पूर्ण मिळालं नाही, तरी गावाचं बातमीपत्र मिळालं.

एकट्याने चित्रण आणि संकलन करणारा वार्ताहर पुढे सगळीकडेच नेहमीचा झाला. म्हणून काही जुने पत्रकार या प्रयोगाला दोष देतात, की विंडसरने दार उघडलं आणि मग सगळीकडच्या माणसांवर बोजा पडला. तक्रार खरी आहे. एकच माणूस खटल्याची बाजू समजून घेतो, उजेड-सावली बघतो, आवाजाची पातळी सांभाळतो आणि पाच वाजता संकलनाला बसतो, तेव्हा कुठेतरी खोली कमी होतेच. पण विंडसरमध्ये तुलना चार माणसांच्या बातमीशी नव्हती. तुलना बातमी नसण्याशी होती.

त्यानंतर

पुनरागमनानंतरही निवांतपणा आला नाही. नव्वदच्या उत्तरार्धात कॅनडा सरकारने सीबीसीचं अनुदान पुन्हा मोठ्या प्रमाणात घटवलं. २००० मध्ये देशभरची स्थानिक संध्याकाळची बातमीपत्रं बंद करण्याचा विचार व्यवस्थापनाने मांडला. विरोध झाला आणि तोडगा निघाला: अर्धा तास स्थानिक, अर्धा तास व्हँकूव्हरहून देशाच्या बातम्या. डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा जाहीर झालं, की अनेक केंद्रांवरचा स्थानिक वेळ कमी होईल.

आणि मार्च २०२०. महासाथ सुरू झाली, त्या आठवड्यात सीबीसीने मनुष्यबळ आणि तांत्रिक ताण यांचं कारण देऊन देशभरची स्थानिक संध्याकाळची बातमीपत्रं तात्पुरती थांबवली आणि त्यांच्या जागी राष्ट्रीय वृत्तवाहिनी दाखवली. कुठल्या गावात कुठलं रुग्णालय भरलं, कुठली शाळा बंद, हे लोकांना नेमकं हवं असताना. टीका इतकी झाली, की बातमीपत्रं टप्प्याटप्प्याने परत आणावी लागली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट क्रमाची. स्वस्त पद्धतीचा प्रयोग १९९४ मध्ये झाला, बंद केल्यानंतर. तो १९९० मध्ये, बंद करण्याआधी, करता आला असता. कॅमेरे तेव्हाही लहान होत चालले होते. संघटनेपुढे ‘केंद्र बंद किंवा वेगळी कामपद्धत’ असा प्रश्न ठेवला असता, तर उत्तर कदाचित तेच आलं असतं जे चार वर्षांनी आलं. मध्ये गेलेली चार वर्षं, तुटलेल्या नोकऱ्या, नदीपलीकडच्या वाहिनीवर बसलेली प्रेक्षकाची सवय, हे सगळं टळलं असतं. माणसं एकदा दुसऱ्या बातमीपत्राला लागली, की ती परत आणायला बातमीपत्र सुरू करण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात.

दुसरी गोष्ट यादी करण्याची पद्धत. ११ केंद्रांवर एकच निकष लावण्याऐवजी प्रत्येक गावाच्या बाबतीत ‘आता इथे कोण उरतं?’ हे लिहून काढलं असतं, तर विंडसरपुढचा रकाना रिकामा दिसला असता. हे काम एका दुपारचं. ते केलं गेलं असेलही, पण निर्णयात त्याचं वजन दिसत नाही.

तिसरी गोष्ट नागरिकांच्या बाजूची. आंदोलनाने बरंचसं बळ पहिल्या महिन्यांत संसद आणि आयोग यांच्याकडे खर्च केलं, जिथून पैसा येणार नव्हता. केंद्र कमी खर्चात चालवून दाखवण्याचा आराखडा सुरुवातीपासून हातात असता आणि तो कर्मचारी संघटनेसोबत बसून केलेला असता, तर सीबीसीला ‘पैसे नाहीत’ या उत्तरामागे इतका काळ उभं राहता आलं नसतं. अर्थात घरातला माणूस नोकरीवरून निघालेला असताना ‘कमी माणसांत कसं भागेल’ याचा कागद मांडायला सांगणं किती कठीण आहे, हे इथे लिहिणं सोपं आहे म्हणून विसरता येत नाही.

२०२० मध्ये बातमीपत्रं थांबवणाऱ्यांनी १९९० ची फाइल उघडली होती का, मला माहीत नाही. त्या मार्चमध्ये विंडसरला डेट्रॉइटशी जोडणारा पूल आणि बोगदा अनावश्यक प्रवासाला बंद झाला. नदीपलीकडे कामाला जाणाऱ्या परिचारिकांना रोज सीमा ओलांडावी लागत होती आणि डेट्रॉइटमध्ये साथ झपाट्याने पसरत होती. त्या आठवड्यात संध्याकाळी दूरचित्रवाणी लावणाऱ्या विंडसरकराला डेट्रॉइटच्या वाहिन्यांवर डेट्रॉइटचे आकडे दिसत होते आणि सीबीसीवर देशाच्या राजधानीतली, ओटावातली पत्रकार परिषद.